अंगची ठेवण

“हे कधीपासून आहे?” केळकर डॉक्टरांनी मला विचारलं, आणि उत्तर आत्तीनं दिलं.

“लहानपणापास्नंच आहे की हो. अंगची ठेवणच तसली तिची.”

सांगलीतला दवाखाना. साल एक्याण्णव, श्रावण सरत आलेला. मी सव्वीस वर्षांची, साखरपुडा झालेली, आणि पदराचं टोक हनुवटीवर धरून बसलेली. पदर धरायची ती सवय मला दोन महिन्यांतच लागली होती. हनुवटीवर केस, गालांच्या कडेला केस, ओठावरचं तर विचारूच नका. त्यात घसा बसलेला. पावसाळ्यात हिचा घसा धरतोच, हेही आत्तीनं आधीच सांगून टाकलं होतं.

आत्ती म्हणजे माझ्या वडलांची बहीण. मी दहा वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून घर आणि मी, दोन्ही तिनंच सांभाळलं. तशी ती कुणापुढं गप्प बसणारी नव्हती, पण डॉक्टरपुढं इतकं घडाघडा बोलताना मी तिला पहिल्यांदाच बघत होते.

केळकरबाई पन्नाशीच्या होत्या. चष्मा दोरीला बांधून गळ्यात सोडलेला, बोलणं हळू. त्यांनी आत्तीला पुरतं बोलू दिलं आणि मग माझ्याकडे वळल्या. “आता तू सांग. घरात आणखी कुणाला असं आहे?”

टेबलाखाली आत्तीचा पाय माझ्या पायावर पडला. काही गरज नव्हती. मला सगळं पाठ होतं.

“आईला होतं,” मी म्हटलं.

माझ्या आईच्या हनुवटीवर एक केस नव्हता.

बाईंनी ते लिहून घेतलं. मग समजावून सांगितलं की बायकांच्या अंगातही पुरुषांचं हार्मोन थोडं असतंच, काहींच्या अंगात ते जरा जास्त होतं. वयात आल्यापासून हळूहळू केस वाढतात, तोंडावर फोड येतात, पाळी मागेपुढे होते. अशा कितीतरी मुली त्यांच्याकडे येतात आणि घराण्यातच असलं तर घाबरायचं काही कारण नसतं. पाळीचं विचारलं तेव्हा आत्ती म्हणाली, जरा मागेपुढे होते. सात महिन्यांत ती आलीच नव्हती. बाईंनी तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. तीन महिन्यांनी नक्की या, तेव्हाही असंच असलं तर रक्त मुंबईला पाठवू आणि पोटाची सोनोग्राफी करू, असं त्यांनी दोनदा बजावलं. आत्तीनं दोन्ही वेळा मान हलवली.

बसमध्ये आत्ती खुशीत होती. मला खिडकीची जागा दिली, स्टँडवर केळी घेतली. बघ, काही नाही म्हणाल्या की नाही, उगाच जीव खात होतीस, असं तीन-चार वेळा म्हणाली. मी केळं हातात धरून बसले. काही नाही असं डॉक्टर कशाच्या जोरावर म्हणाल्या, ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

आता ही ठेवण कुठून आली, ते सांगते.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. तेव्हा आमच्या तालुक्याला डायल फिरवून फोन लागत नव्हता. गिऱ्हाइकानं हँडल फिरवलं की बोर्डवर त्याच्या नंबरचं झाकण खाली पडायचं. आम्ही त्याच्या भोकात प्लगची दोरी घालायची, विचारायचं ‘नंबर?’, आणि पाहिजे तिथं जोडून द्यायचं. पलीकडून ‘हॅलो’ आलं की आपण लाईनमधून बाजूला व्हायचं. आठ तास कानाला हेडफोन लावून हेच काम. तोंड कुणाला दिसत नसे, आवाजावर सगळं चालायचं. अडत दुकानदारांपासून मामलेदारांपर्यंत सगळे मला आवाजानं ओळखायचे, आणि खोटं कशाला बोलू, आवाज चांगला होता माझा. चौगुलेबाई असल्या की लाईनसुद्धा लवकर लागते, असं लोक म्हणायचे. लाईनला काय कळतंय, पण ऐकायला बरं वाटायचं.

सदतीस नंबर म्हणजे आठ मैलांवरच्या एका खेड्यातलं बी-बियाण्याचं दुकान. तिथं सुकुमार मगदूम बसायचे. आमच्याच समाजातले, एकतीस-बत्तिशीचे, बोलायला बुजरे. रोज सकाळी साडेदहाला पुण्याच्या कंपनीचा नंबर मागायचे. वर्षभर नंबराशिवाय एक शब्द नाही. मग एकदा विचारलं, तिकडं पाऊस आहे का? आठ मैलांवर पाऊस काय वेगळा पडणार होता! मी म्हटलं, आहे. मग रोज काही ना काही निघायला लागलं. त्या वैशाखात ते आईवडलांना घेऊन मला बघायला आले. कांदेपोहे खाताना माझ्याकडे त्यांनी धड दोनदासुद्धा पाहिलं नाही, पण जाताना माझ्या वडलांना म्हणाले की बाईंना मी ओळखतोच. ज्येष्ठात साखरपुडा झाला. लग्न चातुर्मास संपल्यावर, मार्गशीर्षात ठरलं.

साखरपुड्यानंतर सदतीसचं झाकण कधीकधी दुपारीही पडायचं. मी ‘नंबर?’ म्हटलं की ते म्हणायचे, “काही नको. लाईन चालू आहे का बघत होतो.” एवढंच बोलून ठेवून द्यायचे. मी दिवसभर त्यावर हवेत असायचे, आता सांगायला हरकत नाही.

आणि नेमकं तेव्हाच अंगात हे सुरू झालेलं. पाळी माघातच थांबली होती. आषाढापर्यंत चिमट्यानं भागलं, मग भागेना. घरात ब्लेड एकाच ठिकाणी होती, आण्णांच्या दाढीच्या डब्यात. पहाटे मोरीत बसून मी तोंडावरून ब्लेड फिरवायची आणि पुसून होती तशी ठेवायची. आण्णा माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं. महिन्याभरानं डब्यात एकाऐवजी ब्लेडची दोन पाकिटं दिसायला लागली. आण्णांनी मला काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही. एका घरात तीन माणसं, आणि ज्याचं त्याला माहीत, अशी आमची तऱ्हा.

श्रावणात सुकुमारांची आई भेटायला आली. चहा देताना पदर सरकला आणि बाईंची नजर हनुवटीवर गेली. “हे काय गं?” त्या म्हणाल्या. मी तर गारच पडले. आत्ती स्वयंपाकघरातून ताट घेऊन येत होती, ती चालता चालताच म्हणाली, “आमच्या वहिनींनाबी होतं. अंगची ठेवण असती एकेकाची. मूलबाळ झालं की जातंय.” बाईंचा चेहरा निवळला. ठेवण म्हटलं की त्यात कुणाची चूक नाही आणि काळजीही नाही. रंग सावळा असतो, दात पुढे असतात, तसं.

त्या गेल्यावर आत्तीनं आईचा फोटो खाली उतरवला. तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता म्हणून आम्ही वाचलो. पुन्हा कोण येईल, कोण बघेल, म्हणून तिनं तो जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. आण्णांनी रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं तेव्हा मीच सांगितलं, काच तडकलीय, सांगलीला दिलाय. ते हं म्हणाले.

डॉक्टरांना तरी खरं सांगू, असं मी आत्तीला म्हटलं होतं. सांगलीला जायच्या आदल्या संध्याकाळी ती तांदूळ निवडत होती, सूप तिनं बाजूला ठेवलं.

“व्याह्यांना एक आणि डॉक्टरला एक, असं चालत न्हाई बाळ. फिरून सगळं एकाच ठिकाणी येतंय.” मग म्हणाली, “मला सोळाव्या वर्षी दिली, अठराव्या वर्षी परत पाठवली. रोग हाय म्हणाले. कसला रोग, कुणी बघितला? सासू म्हणाली आणि सगळ्यांनी मान डोलावली. रोग हा शब्द एकदा लागला की सुटत न्हाई गं. ठेवण म्हण. लग्न होऊ दे, मग काय ती औषधं कर.”

आत्तीच्या लग्नाचा विषय आमच्या घरात निघत नसे. तिनं काढला तो तेवढा एकदाच. दवाखान्यात काय सांगायचं, ते मी त्या रात्री पाठ केलं.

गोळ्या सुरू केल्या. भाद्रपद गेला, आश्विन गेला. फोड तेवढे कमी झाले. केस मात्र छातीवर, पोटावर यायला लागले, आणि डोक्यावरचे कपाळाच्या दोन्ही बाजूंनी मागे सरकले. दंड असे भरले की दोन ब्लाउज उसवावे लागले. आणि आवाज. घसा बसला की दुखतो, खरखरतो, आठवड्यात सुटतो. माझा दुखतही नव्हता. तो नुसता खाली खाली उतरत होता, आणि मी रोज सकाळी बोर्डवर बसून पहिलं ‘नंबर?’ म्हणायची तेव्हा कालच्यापेक्षा खालचं ऐकू यायचं.

गिऱ्हाइकं मला साहेब म्हणायला लागली. नवीन साहेब आले वाटतं, मिरज द्या. पहिल्या दिवशी मी सांगायला गेले की मी चौगुले आहे, तर पलीकडचा अडत्या हसला. तो थट्टा समजला. त्यानंतर कुणाला सांगितलं नाही. दिवसाला दोनशे माणसांशी बोलत होते आणि त्यातला एकही माझ्याशी बोलत नव्हता.

शेजारच्या बोर्डवर रुक्साना मुल्ला बसायची. माझ्याच वयाची, लग्न झालेली, तोंडाची फटकळ. तिला मी सांगितलं होतं की लग्नाआधी त्यांच्याशी बोलायचं नाही असं बंधन घरच्यांनी घातलंय, तेव्हा सदतीस तू घे. ती हसली, म्हणाली तुमच्यात भारीच असतं. पण घ्यायला लागली. साडेदहाला झाकण पडायचं, ती वाकून दोरी घालायची आणि मी दुसरीकडे बघत बसायचे. बाई रजेवर आहेत का, असं त्यांनी दोन-तीनदा विचारलं म्हणे. मग विचारायचं थांबले. दुपारचं झाकण पडायचंही बंद झालं.

दिवाळी झाली. लग्नाला महिना राहिला आणि गोळ्या संपल्या. आत्तीला म्हटलं, डॉक्टरांनी बोलावलंय. ती म्हणाली, आता हळदीच्या तोंडावर दवाखान्याच्या पायऱ्या कोण चढतंय, लग्न झाल्यावर नवऱ्याला घेऊन जा. आणि मांडवात जास्त बोलू नकोस, घसा बसलाय म्हणून मी सांगेन. तिनं सगळं ठरवूनच ठेवलं होतं. मांडवातलं जमलंही असतं. पुढं चाळीस वर्षं त्या घरात मी काय मुकी राहणार होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी बोर्ड थंड होता. रुक्साना डबा खात होती. मी सांगलीची लाईन घेतली आणि केळकरबाईंचा दवाखाना मागितला. खरं सांगायचं असं मनात काही नव्हतं. गोळ्या पुढं चालू ठेवायच्या का, एवढंच विचारायचं होतं.

कंपाउंडरनं फोन बाईंना दिला. मी म्हटलं, ऑगस्टमध्ये तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या संपल्या, पुढं काय करायचं.

“पेशंटला घेऊन या,” बाई म्हणाल्या. “नाव काय पेशंटचं? तुम्ही त्यांचे भाऊ का?”

“मीच पेशंट,” मी म्हटलं. “त्रिशला चौगुले. आत्तीबरोबर आले होते.”

लाईनवर लोक कशासाठी गप्प होतात ते ऑपरेटरला कळतं. कुणी विसरलेला असतो, कुणी रडत असतो, कुणी शेजारच्याला खुणा करत असतो. हे गप्प होणं तसलं नव्हतं. कागद उलटल्याचा आवाज आला.

“त्रिशला,” बाई म्हणाल्या, “ऑगस्टमध्ये तुझा आवाज असा नव्हता.”

“घसा बसलाय.”

“बसलेल्या घशाचा आवाज मला कळतो. हा बसलेला नाही. हे बघ, मी इथं लिहिलंय, लहानपणापासून. आईलाही होतं. जे लहानपणापासून असतं ते तीन महिन्यांत असं धावत नाही. मी तुला रागावणार नाही. पण खरं काय ते मला आत्ता सांग.”

मी इकडं-तिकडं बघितलं. रुक्सानाचा घास हातातच राहिला होता. तिच्या माहेरच्या दोन चुलत बहिणी सुकुमारांच्या गावात दिल्या होत्या. आत्ती म्हणाली तसं, सगळं फिरून एकाच ठिकाणी येतं. तोंड उघडलं तर लग्न गेलं, हे मला स्वच्छ दिसत होतं. नाही उघडलं तर काय जाईल, ते मात्र दिसत नव्हतं, आणि त्याची मला लग्नापेक्षा जास्त भीती वाटली.

“आईला नव्हतं,” मी म्हटलं. “कुणालाच नाही. मला फेब्रुवारीपासून झालंय. पाळी जानेवारीत आली ती शेवटची. आम्ही खोटं सांगितलं.”

“उद्या सकाळी ये,” बाई म्हणाल्या. “आत्तीला नको आणूस. वडील आहेत ना? त्यांना घेऊन ये.”

मी हेडफोन काढून ठेवला. रुक्सानानं डब्याचं झाकण लावलं, हात धुतले आणि ड्यूटीचं रजिस्टर ओढून उद्यापासूनच्या माझ्या खान्यांत स्वतःचं नाव लिहायला लागली. तिच्याकडून ही गोष्ट कधीच बाहेर गेली नाही, हे मला फार पुढं कळलं. मी उगाच भ्याले होते.

आण्णांना घरी जाऊन सांगितलं. सगळं, फोटोसकट. ते ऐकत होते आणि धोतराचा काठ बोटांनी सारखा करत होते. “काच तडकली नव्हती ते माहीत होतं मला,” ते म्हणाले. “सांगलीला काच बसवायला तीन महिने लागत नाहीत.” आत्ती दाराच्या मागे उभी होती. ती बाहेर आली नाही, आणि त्या रात्री जेवलीही नाही.

पुढचं दहा-बारा दिवसांत झालं. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर लिंबाएवढी गाठ दिसली. रक्ताचा रिपोर्ट मुंबईहून आला, त्यात पुरुषाच्या अंगात असतं तेवढं हार्मोन माझ्या अंगात निघालं. केळकरबाईंनी आण्णांना आणि मला समोर बसवून सांगितलं की हळूहळू वाढणाऱ्या केसांना गोळ्या पुरतात, पण वर्षभरातच आवाज उतरला, पाळी थांबली, तर ते गाठीचं काम असतं आणि गाठ कापूनच काढावी लागते. पहिल्याच दिवशी हे कळलं असतं तर त्यांनी त्याच आठवड्यात तपासलं असतं. त्या मला बोलल्या नाहीत. स्वतःलाच बोलल्यासारखं म्हणाल्या, “मीच पुन्हा एकदा विचारायला हवं होतं, तुला एकटीला.”

मी त्यांना एकच विचारलं, सगळं पहिल्यासारखं होईल का?

“पाळी येईल. केस कमी होत जातील, वर्ष-दीड वर्ष लागेल. उजवं अंडाशय चांगलं आहे, मूलही होऊ शकेल.” मग चष्मा काढून गळ्यात सोडला. “आवाज नाही. घशात जे जाड झालं ते झालं. तो असाच राहील.”

“मी टेलिफोनवर असते,” मी म्हटलं.

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. गाठ जिथल्या तिथं होती, पसरली नव्हती. आठ दिवस दवाखान्यात होते. आण्णा दिवसभर बाकावर बसून पेपर वाचायचे, तोच पेपर संध्याकाळपर्यंत. आत्ती चौथ्या दिवशी आली. पेज आणली होती. वाटी माझ्या हातात देऊन ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, “मगदुमांना मी अपेंडिक्स म्हणून कळवलंय. लग्न माघात करू म्हणालेत. आता तेवढं सांभाळून घे.”

मला तिचा राग यायला पाहिजे होता. तो आला नाही, नुसता कंटाळा आला. तिच्या तोंडाकडे बघितलं तर तिला अजूनही वाटत होतं की ती मला वाचवतेय. मी पेज संपवली आणि म्हटलं, “आत्ती, आता मी सांगणार.”

“तुला परत पाठवतील.”

“जायच्या आधीच पाठवू देत की.”

ती रडली. मी आत्तीला कधी रडताना बघितलं नव्हतं. तिचा हात धरावासा वाटला, पण ती पाठमोरी होती आणि मला उठता येत नव्हतं.

घरी आल्यावर मी सुकुमारांना पत्र लिहिलं. आयुष्यात पुरुषाला लिहिलेलं माझं पहिलं पत्र, आणि त्यात अंडाशय हा शब्द! गाठ होती, काढली, एक बाजू राहिली आहे, डॉक्टर काय म्हणाल्या, आणि तुमच्या आईंना जे सांगितलं ते खोटं होतं, माझ्या आईला असं काही नव्हतं. सगळं लिहिलं. आवाजाचं तेवढं लिहिलं नाही. दोनदा लिहिलं आणि दोनदा पान फाडलं. त्यांच्या कानात माझा पहिला आवाज होता, तो तिथं तरी असू दे, असं वाटलं.

उत्तर आलं नाही. पंधरा दिवसांनी त्यांचे वडील आले, साखरपुड्याच्या साड्या परत घेऊन गेले. चांगले वागले, चहासुद्धा घेतला. निघताना आण्णांना म्हणाले, मुलाचं काही म्हणणं नव्हतं, पण घरात बायका आहेत. आत्ती आत होती. ते गेल्यावर तिनं ट्रंक उघडली, आईचा फोटो काढला, काच पदरानं पुसली आणि खिळ्यावर परत लावला. मग स्टुलावरून उतरताना म्हणाली, “वाकडा झाला का गं?” मी म्हटलं, नाही, बरोबर आहे.

फाल्गुनात मी कामावर रुजू झाले. एक्स्चेंजच्या साहेबांनी बिलांच्या विभागात टेबल देऊ केलं होतं, तिथं बोलावं लागत नाही. मी नको म्हटलं. का म्हटलं, ते मलाही नीट सांगता येणार नाही. मला दुसरं काम येत नव्हतं, हे एक. लोक साहेब म्हणायचे, मी नंबर द्यायची. हनुवटीवर पदर धरायचं सोडून दिलं होतं. पाळी माघाच्या शेवटाला आली होती, आणि त्या दिवशी मी मोरीत बसून अर्धा तास रडले होते. ते सुखाचं होतं की कशाचं, कुणाला विचारणार?

सदतीसचं झाकण अजूनही साडेदहाला पडायचं. रुक्साना न सांगता वाकायची.

चैत्रात एक दिवस ती वाकली आणि मी तिचा हात धरला. “राहू दे,” मी म्हटलं, “मी घेते.”

दोरी घातली. “नंबर?”

“पुणे पाहिजे साहेब,” सुकुमार म्हणाले. कंपनीचा नंबर सांगितला. मी लिहून घेतला. पुण्याची लाईन मिळायला वेळ लागत होता. मी लाईनवर होते, तेही होते. त्यांच्या दुकानात कुणीतरी पोतं ओढत होतं, तो आवाज येत होता.

“साहेब,” ते म्हणाले. “तिथं चौगुलेबाई म्हणून होत्या. आता नसतात का?”

मी पुण्याची लाईन पुन्हा एकदा बघितली.

“त्यांचं ऑपरेशन झालं होतं,” ते म्हणाले. आवाज खाली आला होता, दुकानात कुणाला ऐकू जाऊ नये असा. “मला त्यांनी कळवलं होतं. मी काही… जमलं नाही. बऱ्या आहेत का त्या?”

मीच बोलतेय, असं सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. देवाशप्पथ आलं होतं. सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते, हे मी पुढं वर्षानुवर्षं मनात लावून बघितलंय, आणि दर वेळी ते गप्पच होतात.

“बऱ्या आहेत,” मी म्हटलं.

“मग बरं झालं,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, “मग बरं झालं.”

पुणे लागलं. पलीकडचं ‘हॅलो’ ऐकलं आणि मी लाईनमधून बाजूला झाले. रुक्साना माझ्याकडे बघत होती.

“काय म्हणत होता?”

“बाई बऱ्या आहेत का विचारत होता.”

“मग तू काय सांगितलंस?”

“खरं तेच सांगितलं,” मी म्हटलं, आणि पुढचं झाकण पडलं होतं तिथं दोरी घातली.